प्रतिकर्षण हाताला लागेपर्यंत : चुंबकांच्या कृतींच्या नोंदी

सातारा जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी पाचवी ते सातवीच्या एकतीस मुलांना विज्ञान शिकवते. चुंबकाचा पाठ या वर्षी फळ्यावर न शिकवता हातांनी शिकवायचा, असे ठरवून जानेवारी ते मार्च २०२५ या काळात जे केले, त्याच्या या नोंदी आहेत. ज्या शिक्षकांना हेच करून पाहायचे आहे, त्यांचा वेळ आणि पैसा थोडा वाचावा म्हणून चुकाही वहीत जशा लिहिल्या होत्या तशाच ठेवल्या आहेत.

६ जानेवारी, सोमवार

पहिल्याच तासाला फजिती झाली. कपाटातील साहित्यपेटीत पट्टीचुंबकांची एक जुनी जोडी होती आणि एक नवे पट्टीचुंबक मी विकत आणलेल्या जोडीतून घेतले होते. सजातीय ध्रुवांमध्ये प्रतिकर्षण आणि विजातीय ध्रुवांमध्ये आकर्षण असते, हे मुलांनी एका सुरात म्हणून दाखवले. मग मी जुन्या चुंबकाचे उत्तर टोक नव्याच्या उत्तर टोकाजवळ नेले आणि ती दोन्ही टोके एकमेकांना चक्क चिकटली. उलटसुलट करून पाहिले, तरीही चिकटलीच. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, पुस्तकात चुकलंय का?" त्या वेळी माझ्याजवळ उत्तर नव्हते.

शाळा सुटल्यावर दोन्ही चुंबके टाचण्यांच्या डबीत बुडवून पाहिली. नव्याने अकरा टाचण्या उचलल्या आणि जुन्याने दोन. जुनी जोडी कित्येक वर्षे सारखी टोके एकाच बाजूला ठेवून, टोकांना लोखंडी तुकडे न लावता पेटीत पडून होती, त्यामुळे तिचे चुंबकत्व जवळजवळ गेले होते. दोऱ्याने टांगलेल्या जुन्या चुंबकाजवळ नवे हळूहळू नेले, तेव्हा सहा-सात सेंटीमीटरवर ते किंचित दूर सरकले, पण आणखी जवळ नेताच फिरून चिकटले. जोरदार चुंबकाशेजारी दुबळे चुंबक आले की त्याच्या जवळच्या टोकावर विरुद्ध ध्रुव तयार होतो, म्हणजे ते साध्या लोखंडासारखे वागू लागते. आकर्षण कसेही दाखवता येते, परंतु प्रतिकर्षण बारीकशा कारणाने बिघडते. पुढचे दोन महिने मी याच अडचणीशी झगडत राहिले.

८ जानेवारी, बुधवार

मंडप आणि लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्या दुकानातून जळालेले नऊ लहान स्पीकर प्रत्येकी २० रुपयांना आणले. प्रत्येकाच्या पाठीमागे दोन लोखंडी पत्र्यांच्या मध्ये काळ्या रंगाचे फेराइटचे रिंग चुंबक चिकटवलेले असते. ते स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटताना पहिली चार फुटली. फेराइट हे भाजलेल्या मातीच्या भांड्यासारखे ठिसूळ असते आणि त्याची कपची धारदार निघते, त्यामुळे हे काम मुलांच्या हाती देऊ नये. उरलेली पाच थिनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवल्यावर डिंक मऊ झाला आणि ती अखंड सुटली.

फुटलेली मात्र वाया गेली नाहीत. सातवीतील एका मुलाने दोन अर्धे तुकडे पुन्हा जुळवून पाहिले, तर ते जुळेनात. कड कडेशी बरोबर बसत होती, पण हात सोडला की तुकडे बाजूला उडत होते. त्यातला एक पालथा केला तेव्हा ते घट्ट चिकटले. स्पीकरच्या रिंगचे ध्रुव टोकांना नसून तिच्या वरच्या आणि खालच्या सपाट बाजूंवर असतात. त्यामुळे रिंग मोडली तरी दोन्ही तुकड्यांच्या वरच्या बाजूला तोच ध्रुव राहतो आणि सजातीय ध्रुव शेजारी शेजारी येतात. एवढे मी नंतर सांगितले. त्या क्षणी तो मुलगा फक्त "ढकलतंय, ढकलतंय" असे ओरडत होता आणि सगळा वर्ग त्याच्याभोवती गोळा झाला होता. प्रतिकर्षण या शब्दाला मुलांनी 'ढकलणं' हा प्रतिशब्द त्याच दिवशी दिला.

११ जानेवारी, शनिवार

कोणत्या वस्तू चिकटतात आणि कोणत्या नाहीत, याची यादी केली. प्रत्येकाने घरून तीन वस्तू आणल्या होत्या. तांब्याचा गडू, पितळी निरांजन आणि ॲल्युमिनियमचे पातेले यांना चुंबक चिकटत नाही, हे पाहून बहुतेकांचा 'धातू म्हणजे चिकटणार' हा समज गेला. खरा गोंधळ स्टीलच्या भांड्यांनी केला, कारण एकाच घरातील एक ताट चिकटत होते आणि दुसरे चिकटत नव्हते. स्टेनलेस स्टीलच्या काही प्रकारांत निकेल मिसळलेले असते आणि त्यामुळे त्याची अंतर्गत रचना अशी बदलते की ते चुंबकाला दाद देत नाही. निकेल हा स्वतः चुंबकीय धातू आहे, असे मी आदल्याच दिवशी सांगितले होते, त्यामुळे हे पटवायला वेळ लागला. नाण्यांचेही तसेच झाले. हल्लीची एक रुपयाची नाणी टपकन चिकटतात, मात्र एका आजोबांच्या डब्यातून आलेले तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे जुने रुपयाचे नाणे जागचे हलले नाही.

१५ आणि १६ जानेवारी

लोहकिसाचे दोन दिवस. कागदाखाली ठेवलेल्या चुंबकाभोवती किसाच्या रेषा कशा उमटतात, ते पाहायचे होते. फॅब्रिकेशनच्या दुकानातून ग्राइंडरखालचा चुरा फुकट मिळाला आणि तो फुकटच्या लायकीचाच निघाला. त्यात घासचाकाची वाळू आणि तेल मिसळलेले होते, त्यामुळे कागदावर ठोकर मारली तरी त्याचे ढेकूळच राहत होते. साबणाने धुऊन वाळवला, तर सकाळपर्यंत तो तांबूस झाला. त्याहून मोठी चूक म्हणजे चुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळण्याआधीच एका गटाने ते चुऱ्यात बुडवले. किसाची ती दाढी काढण्यात चाळीस मिनिटे गेली. बोटांनी निघेना आणि कापडाने तर ती आणखी पसरली. शेवटी सहावीतील एका मुलीने सुचवले की घरी फुटलेल्या काचेचा चुरा कणकेच्या गोळ्याने टिपतात तसे करू. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडून मूठभर कणीक आणली आणि दहा मिनिटांत चुंबक स्वच्छ झाले.

दुसऱ्या दिवशी किसाचा विचार सोडला आणि मुलांना घेऊन ओढ्यावर गेले. आपल्याकडचा काळा पाषाण झिजून तयार झालेल्या वाळूत मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात. पिशवीत गुंडाळलेले चुंबक कोरड्या वाळूतून ओढत नेले की ते कण पिशवीला चिकटतात, आणि कागदावर धरून चुंबक पिशवीतून बाहेर काढले की सगळे खाली पडतात. तासाभरात पाच गटांनी मिळून एक पेलाभर काळी वाळू गोळा केली. ती गंजत नाही, हातांना टोचत नाही आणि तिला पैसे पडत नाहीत. डब्याच्या तोंडाला मलमलचे कापड बांधून ती कागदावर भुरभुरली. खाली दोन उत्तर ध्रुव समोरासमोर होते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या रेषा मध्ये येऊन बाजूंना वळल्या आणि बरोबर मधोमध एक मोकळी जागा राहिली. एक चुंबक फिरवून विजातीय ध्रुव समोर आणले, तेव्हा रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडल्या गेल्या. दोन्ही कागद भिंतीवर लावले आहेत.

ही वाळू तेलाच्या बाटलीत घालून कायमचे साधन करण्याचा प्रयत्न मात्र पहिल्यांदा फसला. पारदर्शक दिसते म्हणून मी खोबरेल तेल घेतले आणि दुपारी ते उत्तम चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला बाटली पाहिली, तर आत पांढरा गोळा झाला होता. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागते, आणि हे थंडीत रोज डोक्याला तेल लावणाऱ्या बाईला आधीच सुचायला हवे होते. आता त्या बाटलीत रिफाइंड सूर्यफूल तेल आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

सुईची होकायंत्रे केली. शिवणाची सुई चुंबकाच्या एकाच टोकाने, एकाच दिशेने चाळीस वेळा घासायची आणि परत येताना हात उचलायचा, एवढीच कृती आहे. तरीही निम्म्या मुलांनी पुढे-मागे घासले आणि त्यांच्या सुया फिरल्याच नाहीत. पिंपळाच्या पानावर ठेवलेल्या सुया परातीतील पाण्यावर सोडल्या, तर सहा सुयांनी सहा दिशा दाखवल्या. परात स्टीलची होती, आणि तीही चिकटणाऱ्या स्टीलची. प्लॅस्टिकच्या टबात पाणी घेतले, तेव्हा पाने काठाला जाऊन बसू लागली. टब काठोकाठ भरला की पाण्याचा पृष्ठभाग काठावर किंचित फुगतो आणि पान मध्यभागी राहते. एवढे करूनही वर्गातील सुया एकमेकींशी जुळल्या नाहीत, कारण आमच्या बाकांना लोखंडी पाइपांचे पाय आहेत.

टब मैदानाच्या मधोमध नेल्यावर सगळ्या सुया एका दिशेला वळल्या. तेथे मी मुलांना कुलाब्याच्या वेधशाळेची हकिकत सांगितली. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्यांच्यामुळे तेथील चुंबकीय नोंदी बिघडतील हे स्पष्ट झाले, म्हणून अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा बांधण्यात आली. ती १९०४ साली सुरू झाली आणि तिची इमारतही चुंबकावर परिणाम न करणाऱ्या साहित्याची आहे. बाकांच्या पायांनी हैराण झालेल्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही.

पण भांडण तेथे संपले नाही. सूर्य उगवतो ती पूर्व, आणि सुईच्या हिशेबाने आपल्या गावात सूर्य पूर्वेला उगवतच नाही, असे पाचवीतील एका मुलाने ठासून सांगितले. त्याचे निरीक्षण खरे होते. जानेवारीत आपल्याकडे सूर्य पूर्वेच्या दक्षिणेकडे वीस अंशांहून अधिक सरकून उगवतो. त्याला शब्दांनी पटवण्याऐवजी मैदानात एक काठी सरळ रोवली आणि तिच्या सावलीच्या टोकावर दर पाच मिनिटांनी खडा ठेवला. घड्याळात दुपारी पाऊण वाजण्याच्या सुमारास सावली सर्वांत आखूड झाली आणि ती सुईशी समांतर होती. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांच्यातील फरक एका अंशाहूनही कमी असल्यामुळे ही जुळणी डोळ्यांना अचूक दिसते.

२४ जानेवारी, शुक्रवार

ही नोंद लिहायला नको वाटते, पण सर्वांत उपयोगाची बहुधा हीच आहे. प्रतिकर्षण जोरात जाणवावे म्हणून मी एका रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान अशा वीस निओडायमियम चकत्या (आकाराने लहान, पण फार जोरदार चुंबके) ऑनलाइन मागवल्या होत्या. त्यांना २६० रुपये पडले. तासाच्या सुरुवातीलाच दोन चकत्या एका मुलीच्या बोटाची कातडी चिमटीत पकडून एकमेकींवर आदळल्या आणि बोट काळे-निळे झाले. तासाच्या शेवटी मोजल्या, तर एकोणीस भरल्या. व्हरांड्यात पहिली-दुसरीची मुले जेवायला बसत होती.

गिळलेले एक चुंबक बहुधा निघून जाते. मात्र दोन चुंबके, किंवा एक चुंबक आणि एक लोखंडी वस्तू, पोटात गेली तर ती आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात, मधली आतड्याची भिंत चेमटते आणि तिला भोक पडू शकते. अशी नुसती शंका आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठावा लागतो. मी वर्गाचे दार बंद केले, मुख्याध्यापकांना सांगितले आणि सगळ्यांचे खिसे, दप्तरे व जमीन तपासली. एक तास दहा मिनिटांनी दोऱ्याला बांधलेली टाचणी एका बाकाच्या पायाजवळ झटकन वळली आणि पाइपाच्या आतल्या अंगाला चिकटलेली चकती सापडली. त्या दिवशीचा गणिताचा तास गेला. निओडायमियमच्या चकत्या मी घरी नेल्या, त्या पुन्हा मुलांच्या हातात दिल्या नाहीत आणि देणारही नाही. तेव्हापासून कोणतेही चुंबक वाटताना आणि परत घेताना मोठ्याने मोजतो.

३० जानेवारी, गुरुवार

त्याच चकत्यांचा घरी एक चांगला उपयोग झाला. पाच चकत्यांची थप्पी करून तिच्या उत्तर बाजूने मी जुनी मरगळलेली पट्टीचुंबके घासली आणि ती सात-सात टाचण्या उचलू लागली. आज मोठ्या उत्साहाने ती वर्गात टांगली, तर 'उ' लिहिलेले लाल टोक दक्षिणेकडे जाऊन स्थिर झाले. मी दक्षिण टोकाकडून उत्तर टोकाकडे घासत गेले होते. ज्या टोकावरून घासणारा ध्रुव सुटतो त्या टोकाला त्याच्या विरुद्ध ध्रुव तयार होतो, म्हणून 'उ' लिहिलेल्या टोकाला दक्षिण ध्रुव बसला होता. ही चूक पाचवीच्या मुलांनी पकडली, आणि सुई घासताना मी त्यांना दिलेली सूचना त्यांनी मलाच ऐकवली. रात्री दोन्ही पट्ट्या उलट दिशेने, दोन्ही बाजूंनी पन्नास-पन्नास वेळा पुन्हा घासल्या.

३१ जानेवारी, शुक्रवार

पहिल्या दिवशी फसलेला प्रयोग त्याच जुन्या चुंबकाने पुन्हा केला. उत्तर ध्रुवाजवळ उत्तर ध्रुव नेताच ते सरळ मागे सरले. "पुस्तकात चुकलंय का" असे विचारणाऱ्या मुलाने ते चार वेळा करून पाहिले.

३ ते ६ फेब्रुवारी

न शिवता ढकलायची गाडी. काडेपेटीच्या आकाराचा पुठ्ठ्याचा डबा, पुढे उभी चिकटवलेली स्पीकरची रिंग आणि खाली चार चाके, असा बेत होता. चाकांसाठी मुलांनी सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणे आणली आणि आसांसाठी सायकलच्या मोडक्या तारा. हातातील रिंग सजातीय बाजूने पुढे केली तेव्हा गाडी मागे जाण्याऐवजी पुढे आली, कारण झाकणे लोखंडी आणि तारा पोलादी. गाडीतील चुंबक दूर ढकलले जात होते आणि गाडीचा बाकी सांगाडा हातातील चुंबकाकडे धावत होता. एक अख्खा दिवस या झटापटीत गेला. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणे आणि खराट्याच्या काड्या वापरल्या.

तरीही गाडी नाकासमोर जाईना. थोडी ढकलली गेली की ती गिरकी घेई, चुंबकाची दुसरी बाजू समोर येई आणि गाडी चिकटे. सहावीच्या मुलांनी दोन लाकडी पट्ट्या दोन्ही बाजूंना चिकटवून बोळ तयार केला. एका गटाने स्टीलच्या पट्ट्या लावल्या होत्या, त्या काढायला लावल्या. आता रिंग जवळ नेत जायची आणि गाडी कोणत्या अंतरावर पहिल्यांदा हलते ते मोजायचे. एका रिंगने ती साधारण पाच सेंटीमीटरवर हलली. दोन रिंगांच्या थप्पीने दहा येईल असा सर्वांचा अंदाज होता, प्रत्यक्षात सहाच्या थोडे पुढे आले, आणि तिसऱ्या रिंगने जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरची भर पडली. मुलांनी हे मोजमाप चुकले असे समजून तीनदा केले. अंतर वाढले की जोर फार झपाट्याने घटतो, एवढेच मी सांगितले आणि पुढचे त्यांच्या आलेखावर सोडले.

१० आणि ११ फेब्रुवारी

पेन्सिलीत ओवलेल्या रिंगा एकमेकींवर तरंगवणे सोपे आहे आणि मुलांना ते फार आवडते. त्यासाठी २४ नव्या रिंगा प्रत्येकी १२ रुपयांना आणल्या, कारण स्पीकरच्या रिंगांचे भोक पेन्सिलीसाठी फार मोठे पडते आणि रिंग कलंडून उलटते. चार रिंगा ओवल्यावर सर्वांत खालचे अंतर सर्वांत कमी आणि वरचे सर्वांत जास्त दिसते. खालच्या रिंगला वरच्या सगळ्यांचा भार पेलावा लागतो, हे मुलांनी न विचारताच सांगितले.

मग एका मुलीने असा प्रश्न विचारला की त्याला दोन दिवस द्यावे लागले. वरची रिंग कशालाच टेकलेली नाही, तर तिचे वजन कोठे जाते? काट्यावर ठेवली तर ती मोजली जाईल का? वर्गाचे दोन तट पडले. गावातील किराणा दुकानदारांनी इलेक्ट्रॉनिक काटा तासाभरासाठी दिला, पण त्याच्या ताटाखालचा सांगाडा लोखंडी होता. ताटावर रिंगांची उभी मांडणी ठेवली की आकडे नाचत होते आणि एकदा तर दोन मांडण्यांमध्ये वीस ग्रॅमचा फरक आला. तरंगणारी रिंग वजनाला लागत नाही म्हणणाऱ्या गटाने लगेच जल्लोष केला. काट्यावर प्लॅस्टिकची बादली पालथी घालून मांडणी तिच्यावर, म्हणजे ताटापासून फूटभर उंच ठेवली, तेव्हा आकडा स्थिर झाला. रिंगा चिकटलेल्या असोत की तरंगत असोत, वजन एका ग्रॅमनेही बदलले नाही. वरची रिंग खालचीला जेवढी दाबते तेवढीच खालची तिला उचलून धरते, आणि तो दाब काट्यापर्यंत पोहोचतो. हरलेल्या गटाने बादली काढून पुन्हा मोजायची मागणी केली. ती मान्य केली, आणि आकडे का नाचतात ते त्यांनीच शोधून काढले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आडवी तरंगणारी पेन्सिल. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखवणारे अरविंद गुप्ता यांच्यामुळे हे खेळणे अनेक शाळांना ओळखीचे आहे. जुन्या रबरी चपलेच्या तळव्यात दोन-दोन रिंगांच्या दोन जोड्या रोवायच्या, पेन्सिलीवर दोन रिंगा चढवायच्या आणि पेन्सिल वर अलगद सोडायची. पाच गटांपैकी एकाचीही पेन्सिल पहिल्या दिवशी राहिली नाही, प्रत्येक वेळी ती बाणासारखी एका बाजूला निसटत होती. पेन्सिलीच्या रिंगा तळव्यातील रिंगांच्या बरोबर वर न ठेवता टोकाच्या दिशेने चार-पाच मिलिमीटर पुढे सरकवाव्या लागतात, म्हणजे पेन्सिल एकाच बाजूला ढकलली जाते. त्या बाजूला एक उभी भिंत करून पेन्सिलीचे अणकुचीदार टोक तिला टेकवले की ती थांबते. आम्ही भिंतीसाठी जुन्या सीडीचा तुकडा वापरला.

ते एक टोकही टेकवू नये, पूर्ण अधांतरी राहावी, यासाठी सातवीच्या दोन मुलांनी मधली सुट्टी आणि नंतरचा एक तास घालवला. तो मी मुद्दाम घालवू दिला. नुसत्या स्थिर चुंबकांच्या मांडणीने वस्तू अधांतरी स्थिर ठेवता येत नाही, हे इंग्रज गणिती अर्नशॉ यांनी १८४२ साली गणिताने दाखवले आहे, पण ते मी मुले दमल्यावर सांगितले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

परीक्षा वहीवर न घेता हातात घेतली. कागदात गुंडाळलेल्या सारख्या आकाराच्या तीन पट्ट्या प्रत्येक गटाला आळीपाळीने दिल्या, त्यांत दोन चुंबके आणि एक साधे लोखंड. टाचण्या, दोरा किंवा आणखी काही न वापरता लोखंड ओळखायचे. पहिल्या दोन गटांनंतर मीच अडकले, कारण लोखंडाची पट्टी म्हणून मी हॅकसॉच्या जुन्या पात्यांचे तुकडे एकत्र बांधले होते आणि ते पोलाद तोवर स्वतःच चुंबक बनले होते. तिसऱ्या गटाने तिन्ही पट्ट्या चुंबक आहेत असे उत्तर दिले आणि ते बरोबर होते! फॅब्रिकेशनच्या दुकानातून नरम लोखंडाची पट्टी कापून आणेपर्यंत परीक्षा दुपारवर ढकलली.

पाच गटांपैकी तीन गटांनी 'जे चिकटते ते चुंबक' या जुन्या सवयीने उत्तर दिले आणि ते चुकले, कारण लोखंडही चुंबकाला चिकटतेच. दोन गटांनी टोके फिरवून फिरवून ढकलणारी जोडी शोधली आणि उरलेली पट्टी बाजूला काढली. त्यांच्यापैकी एका मुलीला मी आणखी अवघड कोडे घातले : दोनच पट्ट्या, एक चुंबक आणि एक लोखंड. ढकलणे येथे होणारच नाही. तिने थोडा विचार केला आणि एका पट्टीचे टोक दुसरीच्या बरोबर मधोमध लावून पाहिले, मग अदलाबदल केली. चुंबकाच्या मध्यभागी ओढ जवळजवळ नसते, म्हणून लोखंडाचे टोक तेथे चिकटत नाही. उलट चुंबकाचे टोक लोखंडाच्या मध्यावरही चिकटते. हे तिला मी शिकवले नव्हते. वाळूच्या चित्रात चुंबकाचा मधला भाग रिकामा दिसला होता, असे तिने सांगितले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

राष्ट्रीय विज्ञान दिनाला पालक आले. पेन्सिलीपेक्षा फुटक्या रिंगच्या न जुळणाऱ्या तुकड्यांपाशी गर्दी अधिक होती. एका आजींनी ते तुकडे हातात घेऊन बराच वेळ दाबून पाहिले. मोबाइल आणि एटीएम कार्डे टेबलापासून लांब ठेवावीत, अशी पाटी लावायला मी विसरले आणि ती दुपारी लावली.

३ मार्च, सोमवार

आवराआवर आणि हिशेब. स्पीकर १८० रुपये, रिंगा २८८, पट्टीचुंबकांची नवी जोडी ३००, निओडायमियम चकत्या २६०, सुया-दोरा-डिंक-मलमल ९५ आणि दोन्ही तेले १००, असे एकूण १,२२३ रुपये झाले. पुन्हा करायचे झाल्यास चकत्यांचे आणि खोबरेलाचे पैसे वाचतील, मात्र जुनी पट्टीचुंबके जिवंत करण्यासाठी एखाद्या शिक्षकाने स्वतःजवळ एक जोरदार चुंबक ठेवणे सोयीचे पडेल.

पट्टीचुंबके आता विजातीय टोके शेजारी ठेवून, मध्ये लाकडी पट्टी घालून आणि दोन्ही टोकांना नरम लोखंडाचे तुकडे लावून ठेवली आहेत. रिंगा एकमेकींना चिकटवून एका डब्यात आहेत. झाकणाच्या आतल्या बाजूला मुलांच्या अक्षरात सूचना चिकटवल्या आहेत : आपटू नये, तापवू नये, मोजून घ्यावे, मोजून ठेवावे. खाली पाचवीतील एकाने पेन्सिलीने स्वतःची एक सूचना वाढवली आहे, "स्टीलच्या पट्टीवर ठेऊ नये", आणि तिचे शुद्धलेखन मी मुद्दाम दुरुस्त केलेले नाही.